आठवी नळी

सकाळी साडेसातला थोरलीने दुधात भिजवलेल्या पावाचा घास चमच्याने तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आत सारला आणि गिळायच्या आधी डोळे मिटून घेतले. धाकटी समोर उभी होती. खांद्याला पिशवी, पायात चपला, निघायला आठ मिनिटं उशीर झालेला. पण ताईचा घास उतरेपर्यंत तिचा पाय निघत नव्हता. घास उतरला. काही झालं नाही. दोघींनी एकदमच श्वास सोडला, आणि तो एकमेकींना ऐकू गेला हे दोघींनाही आवडलं नाही.

"जा की," थोरली म्हणाली. "मी काय सर्कस आहे?"

चेहऱ्याच्या नसेचं दुखणं होतं. चार वर्षं झाली होती. वाऱ्याची झुळूक, दात घासायचा ब्रश, उशीची कड, एखादा लांबलचक शब्द, कशानेही उजव्या कानापासून ओठापर्यंत विजेची तार ओढल्यासारखी कळ जायची. दहा-पंधरा सेकंदांची, पण तेवढ्यात चौपन्न वर्षांची बाई जिथे असेल तिथे पुतळ्यासारखी थिजायची. ती शिवणाचा क्लास चालवायची. पूर्वी दिवसाला हजारो शब्द खर्च करायची, त्यांतले निम्मे विद्यार्थिनींचे वाभाडे काढण्यात. आता पाचच मुली उरल्या होत्या आणि बोलायचं ते डाव्या कोपऱ्यातून, मोजकं. टोमणे त्यामुळे कमी झाले नव्हते, आखूड झाले होते.

गोळी होती. रोज चार. गोळीने दुखणं अर्धं होतं आणि मीपण अर्धी होते, असं थोरली म्हणायची. तोल जायचा, नेहमीच्या वस्तूंची नावं आठवायची नाहीत, कात्रीला ती 'ते कापायचं' म्हणायची. गोळी वाढवावी तर रक्तातलं मीठ उतरायचं आणि दवाखान्यात न्यावं लागायचं.

आणि ऑपरेशन होतं. कानामागे छोटं भोक पाडायचं, नसेवर टेकलेली रक्तवाहिनी बाजूला सारायची, मध्ये एक मऊ तुकडा ठेवायचा. दहांतल्या आठांना गुण येतो, असं सर्जननी सांगितलं होतं. शंभरांतल्या दोघा-चौघांचा त्या बाजूचा कान जातो, हेही सांगितलं होतं. तारीख दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा थोरलीने परत केली. तिसऱ्या तारखेसाठी काल फोन आला होता. आज संध्याकाळी सहापर्यंत हो की नाही ते कळवायचं, नाहीतर नाव यादीच्या तळाला.

"काय सांगायचं त्यांना?" धाकटीने दारातून विचारलं.

"तू सांग," थोरली म्हणाली. "तुझं ते येतंय ना."

धाकटी जिना उतरली.

तिचं ते म्हणजे दोनशे बारा. सात महिन्यांपूर्वी, एका वाईट रात्रीनंतरच्या सकाळी, ताई न्हाणीघराच्या जमिनीवर भिंतीला पाठ लावून बसली होती आणि हनुवटीवरची लाळ पुसायलाही हात वर नेत नव्हती. तेव्हा धाकटी बोलून गेली होती, "थोडी कळ काढ. आमचं दोनशे बारा येतंय. त्याने चक्कर येणार नाही, झोप येणार नाही, फक्त दुखणं जाईल." वाक्य खोटं नव्हतं. त्यात किती वर्षं लागतील एवढंच घातलं नव्हतं.

ती काम करायची ती प्रयोगशाळा दुखण्यावरच्या औषधांची होती. नसांच्या पेशींना सूक्ष्म दारं असतात. दार उघडलं की सोडियम आत घुसतं, आणि त्याचा जो झटका पुढे पुढे सरकत जातो तेच दुखणं मेंदूपर्यंत नेतं. ही दारं एका घराण्यातली नऊ भावंडं. एक दुखण्याच्या नसांत, काही मेंदूत, एक हृदयात. तोंडवळा इतका सारखा की जुनी औषधं एकाला अडवायला जातात आणि सगळ्यांनाच थोडी थोडी कडी लावतात. म्हणून चक्कर, म्हणून कात्रीचं नाव विसरणं. दुखण्याच्या दारालाच कडी लावील आणि हृदयाच्या दाराकडे ढुंकूनही बघणार नाही असा रेणू शोधायचा, एवढंच काम. त्या एवढ्याला अकरा वर्षं गेली होती.

रेणू तयार करायचे गटाचे प्रमुख, सर, आणि मोजायची ती. काचेची नळी तापवून, ओढून, केसाहून बारीक टोक काढायचं. ते सूक्ष्मदर्शकाखाली एका पेशीवर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला जोडलेल्या रबरी नळीतून तोंडाने हलकेच ओढ द्यायची. पेशीची त्वचा काचेला अशी चिकटते की मधून वीजही गळत नाही. मग पेशीवरून औषधाचं पाणी सोडायचं आणि दारांतून जाणारा प्रवाह किती घटला ते बघायचं. शेजारी कोणी खुर्ची सरकवली तरी चिकटलेलं सुटतं. त्यामुळे तिच्या चालण्याला आवाज नव्हता, आणि प्रयोगशाळेत सगळे तिला मांजर म्हणत. समोरसुद्धा.

दोनशे बाराने तिच्या हाताखाली दुखण्याचं दार तीस या मात्रेला निम्मं बंद केलं होतं. हृदयाचं दार तीन हजारलाही हललं नव्हतं. शंभरपटीचा फरक. उद्या तीन वाजता समितीची बैठक होती. पुढची पायरी म्हणजे जनावरांवरच्या चाचण्या. समितीने हो म्हटलं तर पाच वर्षं काम चालणार होतं, नाहीतर गट मोडणार होता.

ती पोचली तेव्हा मिस्त्री हृदयाच्या पेशींच्या यंत्रापुढे गुडघे टेकून बसला होता. पाणी-वीज-नळ्या-पंप सगळं त्याच्याकडे. उद्या पाहुणे येणार म्हणून तो जुन्या नळ्या काढून नव्या बसवत होता. आठ बाटल्यांच्या आठ नळ्या. काढलेल्या त्याने मापाने कापून जमिनीवर ओळीने मांडल्या होत्या.

"मॅडम, या नळीतून तुम्ही चहा सोडता का?"

"का?"

"बघा ना. सात पांढऱ्या. आठवी पिवळी."

ती वाकली. सात नळ्या दुधी, अर्धपारदर्शक होत्या. आठवीचा रंग जुन्या वर्तमानपत्रासारखा होता. टोकाला फिका, बाटलीकडे गडद.

"पुसून बघितलंत?"

"पुसलं, स्पिरिट लावलं, नखाने खरवडलं. आत शिरलाय रंग. प्लॅस्टिकच्या पोटात." त्याने नळी उजेडात धरली. "आठव्या बाटलीत काय असायचं?"

दोनशे बारा असायचं. दोनशे बाराची पूड लिंबाच्या सालीइतकी फिकट पिवळी होती. पाण्यात ती कष्टानेच विरघळायची, तेलकटपणा फार. सर म्हणायचे, जरा लाडावलेलं कार्टं आहे, पाण्याला हात लावत नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "ठेवा तसंच. फेकू नका."

"फेकायला काय झालं? तीन हात लांब आहे, कपडे वाळत घालीन."

ती आपल्या टेबलाशी गेली. उद्यासाठीचे आलेख काढायला बसली, उठली, हात धुतले, पुन्हा बसली. तीन हात. ही नळी पूर्वी वीतभर होती. सात महिन्यांपूर्वी हे यंत्र भिंतीलगत होतं आणि भिंतीपलीकडे लिफ्ट होती. लिफ्ट थांबली की बसणारा हादरा तिच्या काचेच्या टोकापर्यंत यायचा आणि दिवसाला सहा-सात पेशी हातच्या जायच्या. तिनेच तक्रार करून टेबल खोलीच्या मध्यावर आणवलं. बाटल्या भिंतीवरच राहिल्या. मिस्त्री म्हणाला होता, कडक नळी एवढी वळत नाही मॅडम, मऊ चालेल का? आणि ती सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाली होती, चालेल.

दुखण्याच्या पेशींचं यंत्र शेजारच्या खोलीत होतं. तिथे अजून वीतभर कडक नळी होती.

तेलकट रेणू मऊ प्लॅस्टिकमध्ये शिरतात हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती हेच शिकवायची. पण दर वेळी दोनशे बाराच्या आधी ती एक ओळखीचं जुनं औषध सोडून बघायची. ते दोन्ही यंत्रांवर बरोबर तेवढाच प्रवाह घटवायचं, म्हणून यंत्र ठीक आहे असं धरायचं, ही प्रयोगशाळेची पद्धतच होती. ते जुनं औषध मात्र मिठासारखं पाण्यात विरघळणारं होतं. ते कशाला चिकटेल?

तिने फ्रीजवरचा वेळापत्रकाचा कागद बघितला. हृदयाच्या पेशींची एक बशी आज सकाळीच तयार झाली होती. यंत्राला नव्या नळ्या बसेपर्यंत वापरणार नव्हतं कोणी. ती बशी तिने दोन्ही हातांत धरली आणि व्हरांड्यातून शेजारच्या खोलीत नेली. अकरा वर्षांत हृदयाची बशी त्या खोलीत गेली नव्हती, कारण तशी वेळच आली नव्हती.

पहिली पेशी चिकटली आणि सुटली. दुसरी फाटली. तिसरीही सुटली, आणि लिफ्टला नावं ठेवायची आज सोय नव्हती. ती उठली, खोलीला दोन फेऱ्या मारल्या, खिडकीतून खाली गाड्या लावायची जागा बघितली. एक माणूस गाडीच्या टपावर पुठ्ठ्याचा खोका ठेवून किल्ली शोधत होता. सगळे खिसे झाले, पुन्हा पहिल्यापासून. ती परत येऊन बसली.

चौथी पेशी धरली. प्रवाह छान, ठसठशीत. जुनं औषध सोडलं, घटायचा तेवढाच घटला. धुतलं. मग दोनशे बारा, सहाशेची मात्रा. पडद्यावरची रेघ दर पाच सेकंदांनी एकदा खाली झेपावायची. ती झेप आखूड होऊ लागली. आधी तिला वाटलं पेशी मरतेय. मरणाऱ्या पेशीचा प्रवाहही असाच ओसरतो. तीन मिनिटांत झेप निम्मी झाली. तीन हजार सोडल्यावर पाचवा हिस्सा उरला. तिने साधं पाणी सोडलं आणि मांडीवर हात ठेवून बसली. पेशी मरत असेल तर आता काही परत येणार नाही.

आलं. हळूहळू, पायरी पायरीने, पण परत आलं.

एक वाजला होता. शेजारच्या खोलीतून मिस्त्रीची शीळ ऐकू येत होती. तिच्या डोक्यात एक विचार अगदी शांतपणे, रीतसर दार वाजवून आला. जनावरांवरच्या चाचणीत हे कळणारच आहे. हृदयाचे ठोके तिथे मोजतातच. कोणत्याही माणसाच्या तोंडात गोळी जायच्या कितीतरी आधी कोणीतरी थांबवील. तेवढ्या वर्षभरात सर दुसरा रेणू काढतील. नळी पिवळी का पडली हे एका मिस्त्रीशिवाय कोणाला ठाऊक आहे? आणि त्यालाही ती चहाची वाटतेय.

विचारात चूक एकही नव्हती. तिने तो दोनदा तपासून बघितला. मग आणखी तीन पेशी धरल्या. तिघींनी तेच सांगितलं.

सरांची खोली वरच्या मजल्यावर होती. जिना चढताना तिला एकदम आठवलं की आपण जेवलेलो नाही, आणि मागोमाग ताईने दुपारचं काय केलं असेल ते. सर उद्याच्या भाषणाचे कागद पसरून बसले होते. साठीला आलेला उंच माणूस, सदऱ्याच्या खिशाला कायम शाईचा डाग.

"ये मांजरबाई. आलेख आणलेस?"

"नाही."

"नाही कसं? उद्या मी काय हाताने काढून दाखवू?"

तिने पिवळ्या नळीचा तुकडा त्यांच्या कागदांवर ठेवला आणि सांगितलं. लिफ्ट, टेबल, मऊ नळी, तिचं स्वतःचं चालेल, सकाळची बशी, चार पेशी. सांगायला तीन मिनिटं लागली. तिला वाटलं होतं जास्त लागतील.

सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

"चार पेशी."

"हो."

"आणि आधीच्या?"

"एकोणचाळीस."

"एकोणचाळीस म्हणतात हृदयाला धोका नाही. चार म्हणतात आहे. मतदान घेतलं तर?"

"एकोणचाळीसांना औषध पोचलंच नाही सर. ज्यांनी चाखलंच नाही त्यांचं मत कसं धरायचं?"

ते हसले. हसणं अर्ध्यावर थांबलं. उठून खिडकीशी गेले, पाठ करून उभे राहिले.

"समज, उद्या मी काही बोललो नाही," ते म्हणाले. "जनावरांत सापडेलच. पण आपल्याला वर्ष मिळेल. मी त्यात दोनशे तेरा करीन, चौदा करीन, वीसपर्यंत जाईन. एखादा सज्जन निघेल. हा विचार पापाचा आहे का? खरं सांग."

"हाच विचार मी एक वाजता केला. जसाच्या तसा."

"मग?"

"माझी बहीण आहे, सर. गालाच्या नसेचं दुखणं आहे तिला. ऑपरेशनच्या दोन तारखा तिने परत केल्या, मी म्हटलं की आमचं औषध येतंय. तिसरीला आज सहापर्यंत उत्तर द्यायचंय. मी सात महिने तिला वर्षांचा आकडा सांगितला नाही. आता समितीला मात्रेचा सांगायचा नाही. मी नक्की काय काम करते इथे?"

सर वळले. "तुझ्या घरी हे दुखणं आहे, हे तू कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवला असता?"

"नसता," ते लगेच म्हणाले. "दुसऱ्या कोणाकडून मोजून घेतलं असतं."

"तेच करायला हवं होतं."

त्यांनी नळीचा तुकडा उचलला, वास घेतला, डोळ्यांजवळ धरला. सहा महिने खपून एक एक अणू चिकटवून त्यांनी तो रेणू उभा केला होता. त्याला पाण्यात विरघळवायला आणखी दोन महिने गेले होते. मग ते रसायनांच्या खोलीकडे निघाले. तिला चल म्हणाले नाहीत, पण दार उघडं धरलं.

खाली जाऊन त्यांनी मिस्त्रीने कापलेल्यातली एक पांढरी नळी निवडली. तीही तेवढीच लांब होती, पण दोनशे बारा तिच्यातून कधी गेलं नव्हतं. तिच्यातून ताजं पाणी सोडलं, तीन हजारच्या मात्रेचं, आणि दुसऱ्या टोकाला पडणारे थेंब काचेच्या कुपीत गोळा केले. कुपी मोजणीच्या यंत्रात गेली. यंत्राला वीस मिनिटं लागत. सर स्टुलावर बसले. ती उभी राहिली, मग बसली, मग उठून बेसिनचा टपकणारा नळ घट्ट केला. मिस्त्री दारात आला, दोघांची तोंडं बघून आला तसा गेला.

आकडा आला. तीन हजारातले साठ.

"बाकीचं नळीने पिऊन टाकलं," सर म्हणाले. "दार सहाशेला निम्मं बंद होतंय आणि आपण साठ पाजून म्हणतोय, बघा कसं निरुपद्रवी. साठ पाजले तर मीपण निरुपद्रवी आहे."

"चूक माझी आहे. टेबल मी हलवायला लावलं."

"आणि सात महिन्यांत मी एकदाही विचारलं नाही की इतकं चांगलं कसं. चांगल्या बातमीला कोण उलटतपासणी करतं?" त्यांनी पेन खिशाला लावलं. टोपण न लावताच. "उद्या मी उभा राहीन आणि हे आधी सांगीन. गट राहील की नाही, मला माहीत नाही. तू चार पेशी आणखी कर सकाळी. आठ म्हटलं की लोक वाद घालत नाहीत."

"करते."

"आणि आता घरी जा. किती वाजले?"

सव्वाचार. ती जिना उतरली तो जवळजवळ धावतच, आणि आपल्या पायांचा आवाज होतोय हे तिला तळमजल्यावर आल्यावर कळलं.

घरी क्लास चालू होता. पाचांतल्या तीन मुली मशिनींवर बसल्या होत्या. थोरली कोपऱ्यात, पंख्यापासून लांब, गालावर हातरुमालाची घडी धरून. एका मशिनीचा आवाज अर्धा क्षण अडखळला. थोरलीने मान न वळवता बोट वर केलं. "टाका सुटला. उसव." मुलीने बघितलं. खरंच सुटला होता.

"ताई, जरा आत ये."

"अर्धा तास आहे क्लासला."

"आत ये ना."

थोरलीने तिच्याकडे नीट बघितलं आणि मुलींना म्हणाली, "जा आज. बाह्या घरून करून आणा. वाकड्या आणल्यात तर मीच घालून फिरायला लावीन." एवढं लांब बोलल्याची किंमत लगेच पडली. ती दाराची चौकट धरून थिजली, डोळ्यांतून पाणी आलं, मुली खाली बघत आवराआवर करू लागल्या. धाकटी मनात आकडे मोजत राहिली. अठराला थोरलीचा हात चौकटीवरून सुटला.

स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसल्या. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"दोनशे बारा गेलं," धाकटी म्हणाली. "हृदयालाही धरतं ते. आमची मोजायची चूक झाली होती. माझी. आणि ताई, ते खरं निघालं असतं तरी गोळी तुझ्या हातात यायला सहा-सात वर्षं लागली असती. कमीत कमी. हे मला त्या दिवशी पण माहीत होतं."

थोरलीने रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"मलापण," ती म्हणाली.

"काय?"

"तुझ्या कपाटात फाईल आहे. निळी. त्यात तक्ता आहे. माणसांवर चाचणी, पाचवं वर्ष. मला वाचता येतं."

"कधी वाचलंस?"

"पहिल्या तारखेच्या आधी."

"मग तारीख परत का केलीस? दोनदा?"

थोरलीने उजव्या कानाकडे बोट केलं. "हा गेला तर? टाका सुटलेला कानाने कळतो मला. डोळ्यांनी नाही, डोळे कधीचेच गेले. कान गेला तर मी काय, नुसती रागावणारी बाई." थांबली. शब्द गोळा करत असावी. "भीती वाटली. तुझं औषध बरं निमित्त होतं. घाबरले म्हणण्यापेक्षा बहीण औषध करतेय म्हणणं शोभतं."

"एक कान राहतो, ताई. आणि शंभरात दोघा-चौघांचाच जातो."

"माहितेय. तक्ते मीपण वाचते."

"मग मला बोलायचंस."

"तू बोललीस?"

हे खरं होतं. धाकटीने टेबलावरच्या पावाच्या कणांना बोटाने एका जागी आणलं, मग पुन्हा विस्कटलं. आपल्याला हलकं वाटायला हवं, असं तिला वाटत होतं. वाटत नव्हतं. सात महिने ताईच्या प्रत्येक कळेला तिने मनातल्या मनात आपल्या नावावर लिहून घेतलं होतं. आता कळलं की त्यांतल्या निम्म्या ताईच्या स्वतःच्या होत्या. पण कळा तेवढ्याच होत्या.

"एक सांगते," थोरली म्हणाली. "राग आहे मला. खोटं बोललीस त्याचा. आता काढायला तोंड चालत नाही. बरी झाले की काढीन. आठवडाभर पुरेल."

"काढ."

"फोन लाव."

पाच वाजून पंचवीस. दवाखान्यातल्या तारखा देणाऱ्या बाईने सहाव्या रिंगला उचलला. धाकटीने थोरलीचं नाव सांगितलं आणि तारीख घेतोय म्हणाली. पलीकडे बोटं कळफलकावर चालल्याचा आवाज आला.

"पेशंट स्वतः बोलतील का?"

"बोललं की दुखतं त्यांना. म्हणूनच तर ऑपरेशन आहे."

"हो, हो. तुम्ही कोण?"

"बहीण. धाकटी."

"मंगळवारी सकाळी सहाला हजर व्हायचं. आदल्या रात्री दहानंतर पाणीसुद्धा नाही. चालू गोळ्यांची यादी आणा. एक मिनिट हं, इथे एक रकाना भरायचा राहिलाय. मागच्या दोन्ही तारखा रद्द केल्यात, कारण लिहिलेलं नाही. काय लिहू?"

धाकटीने थोरलीकडे बघितलं. फोनमधलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. थोरलीने खांदे उडवले.

"दुसऱ्या औषधाची वाट बघत होतो, असं लिहा."

"बरं. औषधाचं नाव?"

"त्याला नाव नाही अजून. नंबर आहे."

"नंबर घेत नाही हो इथे. अक्षरंच घेतं."

"मग राहू द्या."

"रिकामं सोडलं तर पुढे जात नाही ते."

थोरलीने हात पुढे करून फोन मागितला. धाकटी नको नको म्हणेपर्यंत तिने तो घेतला, डाव्या कानाला लावला, मग क्षणभर थांबून उजव्या कानाकडे नेला, गालाला लागू न देता, बोटभर लांब.

"बाई," ती डाव्या कोपऱ्यातून म्हणाली, "भीती लिहा."

पलीकडे दोन-चार अक्षरं दाबल्याचा आवाज आला.

"झालं," बाई म्हणाली. "गेलं पुढे. मंगळवार, सहा."

थोरलीने फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात चौकटीवर धरावेत तसे टेबलाच्या कडेवर धरले. धाकटी मोजू लागली.